जादा तंबोरा : ठेवावा, विकावा की बदलून घ्यावा?

व्यापारात ‘जादा’ हा शब्द फार जपून वापरावा लागतो. दुकानात पांढऱ्या मलमलीचे दहा तागे पडून असले तरी त्यांना कोणी जादा म्हणत नाही, कारण मलमल आज ना उद्या जातेच. उलट ज्या छापाची हौस लोकांतून निघून गेली, त्याचा एकच तागा शिल्लक असला तरी तो जादा ठरतो. तात्पर्य, जादा काय आणि गरजेचे काय हे मोजणीवरून ठरत नाही, वस्तूच्या कामावरून ठरते. ही साधी गोष्ट आम्ही व्यापारी दुकानात रोज पाळतो आणि घरात पाऊल टाकले की विसरतो. घरात एकाच्या जागी दोन वस्तू झाल्या की कोणी म्हणते राहू द्या, कोणी म्हणते विकून टाका, आणि वर्षानुवर्षे निर्णय होत नाही.

आज आम्ही ज्या वस्तूविषयी लिहीत आहोत ती तंबोरा आहे. आमचे कापडाचे दुकान मिरजेला आहे. मिरज, सांगली, कोल्हापूर या भागात ज्यांच्या घरी जुना तंबोरा आहे अशी कुटुंबे थोडी नाहीत. काहींकडे दोन आहेत. एक वाजतो, दुसरा गवसणीत गुंडाळून कपाटावर किंवा खुंटीला. गाण्याविषयी घराघरांत मते वेगळी आहेत. तो वाद येथे काढण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न वस्तूचा, तिच्या मोलाचा आणि ती घडवणाऱ्या कारागिराच्या रोजीचा आहे.

मिरजेतील हा धंदा मुळात बदलातूनच उभा राहिला, हे आमच्या तरुण कारागिरांनी लक्षात ठेवावे. शिकलगार हे शस्त्रे घडवणारे आणि त्यांना धार लावणारे लोक. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल बसला, संस्थानी फौजांना काम उरले नाही आणि तलवारीची मागणी गेली. हाताशी हुन्नर होते, गिऱ्हाईक नव्हते. अशा वेळी फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घराण्याने वाद्यांची दुरुस्ती व पुढे घडणावळ हाती घेतली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय होता. पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला येऊन राहिले. १९३७ साली त्यांचा इंतकाल झाला आणि त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे. तंबोऱ्याच्या सुरेलपणाबद्दल ते किती काटेकोर होते हे गाणाऱ्यांना सांगावे लागत नाही. असे गिऱ्हाईक दारात असले म्हणजे कारागिराचा हात आपोआप सुधारतो. शिकलगाराचे सतारमेकर झाले ते असे. २०२४ साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच मेहनतीचे फळ होय.

आता वस्तूकडे वळू. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे शेतात पिकलेला कडू भोपळाच. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठी त्याचे पीक घेतात. तो महिनोन्‌महिने वाळवतात, मग कापून आतून साफ करतात. दांडी आणि तबली साधारणपणे तुणाच्या लाकडाची. खुंट्या शिसवीसारख्या कठीण लाकडाच्या. तबलीवर घोडी, घोडीवरून चार तारा. या घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी हलका उतार असतो आणि तार त्या उतारावर घासत घासत कंप पावते. त्यातून जो भरलेला नाद निघतो त्याला जवारी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक दोरा सरकवतात. तो दोरा सुती घ्यावा की रेशमी, किती पिळाचा घ्यावा, यावर गवयी तासभर बोलतात. आम्ही कापडवाले असल्याने ही चर्चा आम्हाला कंटाळवाणी वाटत नाही.

या सर्व वर्णनाचे कारण असे की, तंबोरा ही ठेवून दिली म्हणजे जशीच्या तशी राहणारी वस्तू नव्हे. सोन्याचा दागिना तिजोरीत ठेवला तर वीस वर्षांनी तेवढाच तोळा भरतो. तंबोऱ्याचे तसे नाही. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, उन्हाळ्यात सुकते, आणि सांधे ढिले होतात. भोपळ्याला कीड लागली तर ती आतून पोखरते आणि बाहेरून काही दिसत नाही. तारा ताणलेल्याच राहिल्या तर त्यांचा दाब वर्षानुवर्षे तबलीवर पडतो आणि तबली खचते. मांजराने उडी मारली, गवसणी खुंटीवरून निसटली, की भोपळा फुटला. लाकूड जुने झाले की आवाज खुलतो असे म्हणतात, ते खरे आहे. पण ते वाजत्या लाकडाबद्दल. बंद खोलीतले लाकूड नुसते जुने होते.

म्हणून ‘राहू द्या, कधीतरी लागेल’ हा निर्णय फुकटाचा नसतो. ठेवण्यालाही खर्च आहे. मागावर सूत नसले म्हणून माग आराम करत नाही, गंजतो. हे आमच्या मालेगाव-भिवंडीच्या विणकर बांधवांना वेगळे सांगायला नको.

तथापि विकायला निघण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा. दुसरा तंबोरा खरोखर जादा आहे, की जोडीतला आहे? मैफलीत गवयाच्या मागे दोन तंबोरे असतात हे आपण पाहिले असेलच. ती हौस नव्हे. दोन्ही एका पट्टीचे, एका अंगाचे असले आणि त्यांच्या तारा एकमेकांत मिळाल्या की आवाजाची भिंत उभी राहते. असे दोन तंबोरे एका कारागिराने एका वेळी, मापाला माप जुळवून केलेले असतात. त्यातला एक विकला तर विकलेल्याची किंमत निम्मी येते आणि राहिलेल्याचीही निम्म्याहून कमी होते. धोतरजोडी फाडून एक धोतर विकण्यासारखेच हे आहे. ज्यांच्याकडे जोडी आहे त्यांनी विकायची तर जोडीच विकावी, ठेवायची तर जोडीच ठेवावी.

पण दोन तंबोरे म्हणजे जोडी असे समजू नये. आमच्याच घरचे उदाहरण देतो. आमच्याकडे एक मर्दानी तंबोरा आहे, एक जनानी. मर्दानी लांब, भोपळा मोठा, काळी एक किंवा काळी दोन अशा पुरुषांच्या पट्टीला लागणारा. जनानी आखूड, काळी चार-काळी पाच अशा वरच्या पट्टीसाठी केलेला. पहिल्यावर आमचा पुतण्या गाणे शिकतो. दुसरा कित्येक वर्षे वाजलेला नाही. बंधूंचे म्हणणे असे की, पहिला दुरुस्तीला गेला तर दुसरा उपयोगी पडेल. ऐकायला हे बरोबर वाटते. प्रत्यक्षात जनानी तंबोरा काळी एकला उतरवला की तारा ढिल्या पडतात आणि जवारी बसत नाही. जाड तारा चढवल्या तरी आखूड दांडी आणि लहान भोपळा यांतून खालच्या पट्टीची गाज येत नाही. ज्या गिऱ्हाइकाला छत्तीस पन्ह्याचे कापड हवे त्याला सत्तावीसचे दाखवून उपयोग काय? म्हणजे आमचा दुसरा तंबोरा जोडीतला नाही आणि राखीव म्हणूनही चालत नाही. तो जादा आहे, हे आधी मान्य करावे लागले.

यानंतरचा प्रश्न मालकीचा. येथे बहुतेक घरे अडखळतात आणि आमचेही अडखळले. मर्दानी तंबोरा अब्बांचा स्वतःचा. तो त्यांच्या मिळकतीत येतो, त्यात आम्हा भावांचा हक्क आहे तसा बहिणीचाही. जनानीबद्दल मात्र घरात दोन मते होती. आपा म्हणत, हाही अब्बांचाच, विकायची भाषा नको. शेवटी दुकानाच्या जुन्या वह्या काढल्या. १९८४ सालच्या खतावणीत एका गिऱ्हाइकाच्या खात्यावर कापडाच्या बाकीपोटी ‘तंबोरा नग १ जमा’ अशी उर्दूत नोंद सापडली. दुकान त्या वेळी अब्बा आणि आमचे चुलते यांच्या भागीत होते. म्हणजे हा तंबोरा दुकानाचा माल ठरला आणि त्यात चुलत भावांचाही निम्मा वाटा निघाला. आपांनी नोंद स्वतः वाचली आणि मग म्हणाल्या, “हिशोबाची वस्तू आहे तर हिशोबाने जाऊ द्या. अब्बांचा तंबोरा मात्र घरातून हलता कामा नये.” यात सर्वांचे समाधान झाले. सांगायचे तात्पर्य हे की, सामाईक वस्तूला हात लावण्यापूर्वी सर्व हक्कदारांची संमती घ्यावी आणि शक्य तर ती कागदावर घ्यावी. वस्तू लहान असते, पण तिच्यावरून पडलेली भिंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

आता विक्री. जुन्या तंबोऱ्याला हल्ली दोन प्रकारची गिऱ्हाइके येतात. एक वाजवणारा, दुसरा भिंतीला टांगणारा. हॉटेले आणि बंगले सजवणाऱ्यांना जुने नक्षीकाम हवे असते. तारा असल्या काय, नसल्या काय. आमच्याकडेही असे एक मागणे आले आणि त्याची किंमत वाजवणाऱ्याच्या मागण्यापेक्षा जास्त होती, हे लपवण्याचे कारण नाही. व्यापारी म्हणून जास्त किंमतीकडे पाठ फिरवा असा उपदेश आम्ही करणार नाही. पण किंमत पुरती मोजावी एवढे जरूर म्हणू.

पुरती मोजणे म्हणजे काय? टांगलेला तंबोरा बाजारातून कायमचा उठतो. त्याला पुन्हा तारा लागत नाहीत, त्याची जवारी निघत नाही, खुंटी झिजत नाही, गवसणी फाटत नाही. वाजणारा तंबोरा मात्र दर थोड्या काळाने कारागिराच्या दारात येतो. तारेच्या घासण्याने घोडीवर चर पडतात आणि ती पुन्हा घासून जवारी काढावी लागते. हे काम यंत्राचे नाही, कानाचे आहे. एक वाजणारे वाद्य म्हणजे कारागिराचे एक कायमचे गिऱ्हाईक होय. १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघाला. आता तर तो मोबाईलमध्येही वाजतो. विद्यार्थ्याला ते सोयीचे आहे आणि सोयीला दोष देऊन धंदा चालत नाही. पण त्यामुळे शिकणाऱ्यांच्या घरातून खरा तंबोरा कमी होत असेल, तर जे तंबोरे आज बनून तयार आहेत ते वाजते ठेवणे हा कारागिराच्या धंद्याचाच भाग झाला. नवा तंबोरा ज्याला परवडत नाही त्या शिकणाऱ्या मुलामुलींना दुरुस्त केलेला जुना परवडतो. आज जो जुना घेतो तोच उद्या कान तयार झाल्यावर नव्याची मागणी घेऊन सतारमेकर गल्लीत येतो. कापडात आम्ही हे रोज पाहतो. ज्याला पहिल्यांदा परवडणारे मिळाले, तो पुढे लग्नाचा बस्ताही त्याच दुकानात बांधतो.

या कारणाने आमचा कौल तिसऱ्या मार्गाला आहे. तंबोरा कारागिराला बदल्यात द्यावा. आमच्या व्यवहाराची मांडणी अशी झाली. मर्दानी तंबोऱ्याच्या तबलीला एक चीर होती, जवारी गेलेली होती, दोन खुंट्या सरकत होत्या. हे काम कधी ना कधी पैसे देऊन करून घ्यावेच लागणार होते. कारागिराने जनानी तंबोरा ठेवून घ्यायचा, त्याच्या मोलातून मर्दानीची सर्व दुरुस्ती, नव्या तारा आणि प्रवासाची पेटी वजा करायची, आणि उरलेली रक्कम रोख द्यायची. दुरुस्तीचा खर्च घरच्या मर्दानीचा असल्याने तो आम्ही भावांनी सोसला आणि चुलत भावांना त्यांचा निम्मा वाटा पुऱ्या मोलावर दिला. सजावटवाल्याच्या किमतीशी तुलना केली तर घसरण झाली, पण ती एका मध्यम बस्त्यातील नफ्याएवढी. त्या घसरणीत आमचा मर्दानी सुरात आला आणि जनानी एका गाण्याच्या वर्गात मुलींच्या हाती गेला. हा सौदा धर्मादाय नव्हे. दोन्ही बाजूंना पटलेला साधा व्यवहार आहे.

अदलाबदलीत फसगत होते ती एकाच ठिकाणी. ‘जुने द्या, नवे न्या’ म्हणताना जुन्याची किंमत फुगवून सांगतात आणि तेवढीच नव्यावर चढवतात. गिऱ्हाईक खूश होते आणि खिसा रिकामा होतो. यावर उपाय सोपा आहे. आपल्या वस्तूचे मोल आणि समोरच्या वस्तूचे वा कामाचे मोल वेगवेगळे ठरवावे. दोन्ही आकडे कागदावर लिहावेत आणि मगच वजाबाकी करावी. जुन्या तंबोऱ्याचे मोल काढायची रीतही अवघड नाही. त्याच मापाचा नवा तंबोरा आज कितीला मिळतो ते विचारावे. जुना वाजता करायला किती खर्च येईल ते दुसऱ्या एखाद्या कारागिराकडून समजून घ्यावे. पहिल्यातून दुसरे वजा केले आणि वापराची घट धरली की रास्त आकडा हाती येतो. नामांकित हाताचा तंबोरा असेल तर त्याचे वेगळे मोल होते, पण ते नाव सिद्ध झाले पाहिजे. नुसत्या सांगण्यावर कोणी पैसे मोजत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टींकडेही लक्ष असावे. जुन्या वाद्यांची घोडी किंवा नक्षी कधी कधी हस्तिदंताची असते. वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर आपल्या देशात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, मग तो दात हिंदी हत्तीचा असो की आफ्रिकी. पुष्कळदा ही पांढरी नक्षी सेल्युलॉइडची निघते, पण जाणत्या कारागिराकडून खात्री करून घेतल्याशिवाय सौद्याची बोलणी करू नयेत. दुसरी गोष्ट, शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. आखातात किंवा विलायतेत राहणारा नातेवाईक ‘पाठवून द्या, इथे चांगली किंमत येईल’ म्हणत असेल तर आधी वय तपासावे.

आमच्या सतारमेकर बांधवांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. जुने वाद्य दारात आले की ‘आता हे कोण घेतो’ म्हणून त्याचे मोल पाडण्याची सवय काही ठिकाणी दिसते. त्यात आजचा नफा आहे आणि उद्याचे नुकसान आहे, कारण मोल पडलेले ऐकून गिऱ्हाईक वस्तू परत घरी नेते आणि ती पुन्हा खुंटीला जाते. त्यापेक्षा दुरुस्तीचा आकडा खरा सांगावा. दुकानात एक वही ठेवावी. कोणाचा तंबोरा, कोणत्या मापाचा, कोणत्या पट्टीचा, कधी केला, कधी जवारी काढली, याची नोंद असावी. आमची १९८४ सालची एक ओळ घरातला तंटा मिटवू शकली, तर तुमची वही उद्या वाद्याचे मोल सिद्ध करू शकेल. मानांकनामुळे मिरजेच्या नावाला जी किंमत आली आहे तिला अशा नोंदींचा आधार हवा.

ज्यांनी वस्तू ठेवण्याचेच ठरवले असेल त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. वडिलांच्या हातची वस्तू घरात असणे ही बरकत आहे असे आम्हीही मानतो. पण मग ती नीट ठेवावी. तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात, ओल आणि ऊन दोन्हींपासून दूर ठेवावे. गवसणी जाड सुती कापडाची, आत रुईचा थर दिलेली शिवून घ्यावी; प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, आत ओल कोंडते. वर्षातून दोन वेळा बाहेर काढून भोपळ्यावर बोटाने टिचकी मारून पाहावी. भोपळ्यातून भुसा पडत असेल तर त्याच दिवशी कारागीर गाठावा. एवढे करण्याची तयारी नसेल तर ‘ठेवणे’ हा शब्द वापरू नये. ते ठेवणे नसून विसरणे आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी दुसरा तंबोरा आहे त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी तो खाली काढावा. जोडीतला असेल तर जोडी लावून ठेवावी. कोणाच्या पट्टीला लागत असेल तर त्याच्या हाती द्यावा. तसे कोणी घरात नसेल तर हक्कदारांना विचारून, मोल लिहून, तो कारागिराच्या दुकानापर्यंत पोचवावा. पुढचे गिऱ्हाईक शोधण्याचे काम त्याला आपल्यापेक्षा चांगले येते.